गादी सोडली, साथ सोडली नाही : सेरेत्से खामा

लंडनच्या केन्सिंग्टन भागातील विवाह नोंदणी कार्यालयात २९ सप्टेंबर १९४८ रोजी एक साधा विवाह झाला. वर होता आफ्रिका खंडातील बामांग्वाटो या बलाढ्य जमातीच्या गादीचा कृष्णवर्णीय वारस, तर वधू लंडनमधील विमा क्षेत्रात कारकुनी करणारी गोरी तरुणी. या विवाहाने ब्रिटनमधील दोन सरकारांना खोटेपणाचा आश्रय घ्यायला लावला, एका जमातीला आपल्या राजासाठी रस्त्यावर उतरवले आणि वराला सहा वर्षे मायदेशापासून दूर ठेवले. तोच वर पुढे स्वतंत्र बोट्स्वानाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. सेरेत्से खामा हे त्याचे नाव. भिन्नवंशीय विवाहांकडे पाहण्याची जगाची दृष्टी विसाव्या शतकात कशी पालटली, याचा इतिहास त्यांच्या चरित्रावाचून पुरा होत नाही.

आजोबांचा वारसा

सेरेत्से यांचा जन्म १ जुलै १९२१ रोजी सेरोवे येथे झाला. तेव्हाच्या बेच्युआनालँड या ब्रिटिश संरक्षित प्रदेशातील ते एक विस्तीर्ण गाव. आजोबा तिसरे खामा हे ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले, दारूबंदीचा कठोर अंमल करणारे राजे होते. आपला मुलूख सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या घशात जाऊ नये म्हणून १८९५ मध्ये अन्य दोन राजांसह ते थेट लंडनला जाऊन धडकले आणि ब्रिटिश सरकारकडून अभय मिळवून परतले. ते १९२३ मध्ये निवर्तले. दोनच वर्षांत सेरेत्से यांचे वडील दुसरे सेक्गोमा यांचेही निधन झाले आणि चार वर्षांचा बालक गादीचा धनी ठरला.

राज्यकारभार पाहण्यासाठी काका त्शेकेडी खामा यांनी शिक्षण अर्धवट सोडले. विशीतले त्शेकेडी करारी आणि कर्तबगार निघाले. मुलखातील मुलींच्या नादी लागून दंगा करणाऱ्या एका गोऱ्या तरुणाला त्यांनी १९३३ मध्ये फटक्यांची शिक्षा फर्मावली, तेव्हा ब्रिटिशांनी तोफांसह नौसैनिक पाठवून त्यांना काही काळ पदच्युत केले. काळ्या राजाने गोऱ्या माणसाचा न्याय करावा, हेच सत्तेला सोसवले नव्हते. या काकांनी पुतण्याला पोटच्या मुलासारखे वाढवले. दक्षिण आफ्रिकेतील फोर्ट हेअर महाविद्यालयातून सेरेत्से १९४४ मध्ये पदवीधर झाले. पुढे ऑक्सफर्डचे बॅलिओल महाविद्यालय आणि तेथून बॅरिस्टर होण्यासाठी लंडनचे इनर टेंपल असा त्यांचा प्रवास झाला.

दोन घरांचा विरोध

लंडन मिशनरी सोसायटीच्या एका नृत्यसमारंभात जून १९४७ मध्ये सेरेत्से आणि रूथ विल्यम्स यांची भेट झाली. रूथ यांचा जन्म १९२३ चा. वडील हिंदुस्थानातील लष्करी सेवेतून निवृत्त होऊन चहाच्या व्यापारात शिरलेले. दुसऱ्या महायुद्धात रूथ यांनी हवाई दलाच्या महिला शाखेत रुग्णवाहिका चालवली होती. जॅझ संगीताची दोघांनाही गोडी होती. ओळखीचे रूपांतर प्रेमात व्हायला वर्षभराचा अवधी पुरला.

विरोध दोन्ही घरांतून झाला. रूथच्या वडिलांनी तिला घराचे दार बंद केले, नोकरीही गेली. त्शेकेडी यांनी लंडनमधील मिशनऱ्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना विवाह रोखण्याची गळ घातली. चर्चमध्ये ठरलेला विवाह धर्मगुरूंनी ऐनवेळी बिशपांकडे सोपवला आणि बिशपांनी सरकारच्या संमतीची अट घातली. अखेर चार दिवसांनी नोंदणी कार्यालयात विवाह उरकण्यात आला.

त्शेकेडी यांचा विरोध केवळ वर्णद्वेषाचा म्हणता येणार नाही. राजाची पत्नी ही साऱ्या जमातीची आई आणि तिची निवड हा जमातीचा अधिकार, अशी तेथील रीत होती. वडीलधाऱ्यांना न विचारता आणलेली परकी सून आणि तिच्या पोटी येणारा वारस जमात स्वीकारील काय, ही त्यांची चिंता होती. रोटी-बेटी व्यवहाराच्या चौकटीत वाढलेल्या कोणत्याही समाजाला ती अनोळखी वाटू नये.

खोत्ल्याचा कौल

या प्रश्नाचा निवाडा 'खोत्ला'त झाला. खोत्ला म्हणजे जमातीची भर मोकळ्या मैदानातील सभा. आपल्याकडच्या गावच्या चावडीशी तिचे नाते सांगता येईल. तेथे राजासमोर कोणालाही बोलण्याचा हक्क असे. नोव्हेंबर १९४८ मधील पहिल्या सभेत बहुसंख्य वक्ते विवाहाच्या विरोधात होते. डिसेंबरमधील सभेत विरोधाची धार कमी झाली. सेरेत्से प्रत्येक वेळी शांतपणे उभे राहिले आणि रूथखेरीज आपण गादीवर बसणार नाही, एवढेच सांगत राहिले.

जून १९४९ मधील तिसऱ्या सभेत पारडे फिरले. आपल्याला आणि आपल्या पत्नीला स्वीकारणाऱ्यांनी उभे राहावे, असे आवाहन सेरेत्से यांनी करताच हजारो माणसे उठून उभी राहिली. विरोधात उरले मूठभर. काका स्वतःच गादी बळकावतील, हा संशयही या कौलामागे होता. मात्र ज्या विवाहाला लंडनच्या बिशपांची संमती मिळाली नाही, तो आफ्रिकेतील पशुपालकांच्या सभेने चर्चेअंती मान्य केला, ही वस्तुस्थिती उरते. त्शेकेडी आपल्या अनुयायांसह मुलूख सोडून गेले. ऑगस्टमध्ये रूथ सेरोवेला आल्या. तेथील मोजक्या गोऱ्या कुटुंबांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, पण गावातील स्त्रियांनी त्यांना राणी मानले.

शेजाऱ्याचा धाक

जमातीने मिटवलेला प्रश्न साम्राज्याने उकरून काढला. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत मे १९४८ च्या निवडणुकीत डॅनियल मलान यांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला होता आणि वर्णभेदाला कायद्याचे रूप दिले जात होते. गोरे व गोरेतर यांच्यातील विवाहांवर बंदी घालणारा कायदा १९४९ मध्ये आला. पुढच्याच वर्षी प्रत्येक नागरिकाची वंशनिहाय नोंद सक्तीची झाली आणि मिश्र वंशाच्या माणसांवर 'कलर्ड' हा शिक्का कायमचा बसला. अशा देशाच्या सीमेला लागून एक कृष्णवर्णीय राजा गोऱ्या राणीसह नांदणार, ही कल्पना प्रिटोरियाला असह्य होती. दक्षिण ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारनेही तोच सूर लावला.

युद्धाने खिळखिळ्या झालेल्या ब्रिटनला दक्षिण आफ्रिकेचे सोने हवे होते आणि अणुबॉम्बसाठी तेथील युरेनियमही. दुखावलेला शेजारी बेच्युआनालँड गिळंकृत करील, हीही भीती होती. बेच्युआनालँडचा कारभार ज्या माफेकिंगमधून चाले, ते गावच मुळी दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत होते.

ॲटली सरकारने सर वॉल्टर हॅरगिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. हॅरगिन यांचा अहवाल सरकारलाच अडचणीत आणणारा ठरला. सेरेत्से सर्वार्थाने लायक आहेत. त्यांना गादी नाकारण्याचे कारण एकच, ते म्हणजे शेजारी देशाची नाराजी, असे त्याचे सार होते. सरकारने निष्कर्ष उचलला आणि अहवाल सुमारे तीस वर्षे कुलूपबंद ठेवला. दक्षिण आफ्रिकेचा दबाव असल्याचे तर संसदेत साफ नाकारण्यात आले.

विजनवासाची सहा वर्षे

फेब्रुवारी १९५० मध्ये सेरेत्से यांना चर्चेसाठी म्हणून लंडनला बोलावण्यात आले. गादीवरील हक्क सोडल्यास वर्षाला ११०० पौंडांचा तनखा मिळेल, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला गेला. त्यांनी तो नाकारताच मार्चमध्ये पाच वर्षांची हद्दपारी जाहीर झाली. गरोदर रूथ सेरोवेतच होत्या. हा निर्णय जमातीला ऐकवण्यासाठी ब्रिटिश उच्चायुक्त सर एव्हलिन बेअरिंग संपूर्ण गणवेशात सेरोवेला आले, तेव्हा खोत्ल्याचे मैदान ओस पडले होते. जमातीने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. मे महिन्यात मुलगी जॅकलिन हिचा जन्म झाला आणि ऑगस्टमध्ये हे कुटुंब इंग्लंडमध्ये हद्दपारीचे जिणे जगू लागले.

ब्रिटनमधील लोकमत मात्र सरकारमागे एकमुखाने उभे नव्हते. विरोधी बाकांवरून विन्स्टन चर्चिल यांनी या प्रकरणावर कठोर टीका केली. वेस्ट इंडीजचे विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाईन, खासदार फेनर ब्रॉकवे आणि तरुण टोनी बेन यांनी सेरेत्से यांची बाजू लावून धरली. पण चर्चिल स्वतः सत्तेवर येताच त्यांच्या सरकारने १९५२ मध्ये पाच वर्षांची हद्दपारी कायमची करून टाकली! सेरोवेत दंगल उसळली, पोलिसांचे बळी गेले. सेरेत्से यांना दूर जमैकात नोकरी देऊ करण्यात आली, ती त्यांनी नाकारली. दुसरा राजा निवडण्याचा आदेश जमातीनेही जुमानला नाही.

ही कोंडी फुटली ती कुटुंबातच. १९५६ मध्ये त्शेकेडी लंडनला आले. काका-पुतण्यांनी मनातील अढी काढून टाकली आणि दोघांनीही गादीवरचा हक्क सोडण्याचे मान्य केले. सेरेत्से यांनी मुलांच्या वतीनेही तो सोडला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते सामान्य नागरिक म्हणून मायदेशी परतले. दुसरे अपत्य इयन याचा जन्म १९५३ मध्ये इंग्लंडात झाला होता. १९५८ मध्ये जुळे मुलगे झाले. एकाचे नाव ठेवले अँथनी, ते टोनी बेन यांच्यावरून; दुसऱ्याचे त्शेकेडी. ज्या काकांनी विवाह मोडण्यासाठी जंग जंग पछाडले, त्यांचे नाव रूथ यांच्या मुलाला मिळाले. वर्षभरातच काका निवर्तले.

हिरे आणि प्रजासत्ताक

गुरांच्या व्यवसायात सेरेत्से यांना यश आले नाही आणि मधुमेहाने गाठले. राजकारणात मात्र त्यांना सूर सापडला. १९६२ मध्ये क्वेट मासिरे यांच्यासह त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची स्थापना केली. सर्व वंशांच्या नागरिकांना समान मताधिकार असलेल्या १९६५ च्या निवडणुकीत पक्षाने ३१ पैकी २८ जागा जिंकल्या. सेरेत्से पंतप्रधान झाले आणि ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वतंत्र बोट्स्वानाचे राष्ट्राध्यक्ष. ज्या ब्रिटनने त्यांना हद्दपार केले, त्यानेच त्यांना 'सर' हा किताबही दिला.

महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्रफळाचा हा देश तेव्हा जगातील अत्यंत गरीब देशांत गणला जाई. पदवीधर बोटांवर मोजण्याइतके, डांबरी रस्ते जेमतेम काही किलोमीटर, त्यात सलग दुष्काळ. खनिजांवरचा हक्क तोवर ज्या-त्या जमातीचा होता. सेरेत्से यांच्या सरकारने तो राष्ट्राच्या मालकीचा केला. ओरापा येथे १९६७ मध्ये सापडलेले हिरे बामांग्वाटोंच्या मुलखात होते, हे लक्षात घेता आपल्याच जमातीला त्यांनी केवढा त्याग करायला लावला, हे ध्यानी येते. १९७१ मध्ये खाण सुरू झाली आणि पुढे वाटाघाटी करून सरकारने डी बिअर्स कंपनीबरोबरच्या भागीदारीत निम्मा वाटा मिळवला. शाळा, दवाखाने आणि रस्ते त्या पैशातून उभे राहिले. १९७६ मध्ये विद्यापीठासाठी निधी हवा होता, तेव्हा लोकांनी घरटी गुरे, धान्य, अगदी अंडीसुद्धा दिली.

सेरेत्से यांनी सूडाचे राजकारण केले नाही. निळ्या ध्वजावर पांढऱ्या किनारीचा काळा पट्टा आहे, तो दोन वर्णांच्या सहजीवनाचे प्रतीक म्हणून. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतून पळून आलेल्यांना त्यांनी आश्रय दिला. पण त्या देशावरील आर्थिक अवलंबित्व ओळखून आपल्या भूमीवरून सशस्त्र हल्ले होऊ दिले नाहीत. या धोरणावर टीकाही झाली. एप्रिल १९८० मध्ये शेजारी राष्ट्रांची आर्थिक सहकार्य परिषद आकाराला आली, ती त्यांच्या अखेरच्या कार्यांपैकी एक. १३ जुलै १९८० रोजी कर्करोगाने त्यांचे गाबोरोने येथे निधन झाले.

पुढची पिढी

बोट्स्वानाच्या जनतेने या मिश्र कुटुंबाला दिलेला मान पित्यापुरता राहिला नाही. जी गादी सेरेत्से यांनी मुलांच्या वतीने सोडली होती, तीवर जमातीने १९७९ मध्ये इयन यांना बसवले. पुढे २००८ ते २०१८ अशी दहा वर्षे ते देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. सीमेपलीकडच्या कायद्याने ज्यांना 'कलर्ड' ठरवले असते, त्यांना अलीकडे राजा आणि राष्ट्रप्रमुख मानले गेले. रूथ पतीच्या निधनानंतरही बोट्स्वानातच राहिल्या. त्यांचे २००२ मध्ये निधन झाले आणि सेरोवेच्या टेकडीवरील राजघराण्याच्या दफनभूमीत पतीशेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली.

दरम्यान जगही बदलत होते. सेरेत्से-रूथ विवाहानंतर दोनच दिवसांनी, १ ऑक्टोबर १९४८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने भिन्नवंशीय विवाहबंदी रद्द केली. त्या वेळी अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत असे कायदे होते. शेवटच्या १६ राज्यांतील बंदी उठायला १९६७ साल उजाडले. दक्षिण आफ्रिकेने आपला कायदा १९८५ मध्ये मागे घेतला. तो पाहायला सेरेत्से हयात नव्हते. अमेरिकेत गोरे व कृष्णवर्णीय यांच्या विवाहाला पसंती देणाऱ्यांचे प्रमाण गॅलप संस्थेच्या पाहणीत १९५८ मध्ये अवघे ४ टक्के होते, ते २०२१ मध्ये ९४ टक्क्यांवर गेले. ज्या इंग्लंडमध्ये या दांपत्याला चर्चचे दार बंद झाले, तेथे व वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत सुमारे १७ लाख नागरिकांनी स्वतःची नोंद मिश्र वंशाचे अशी केली.

कायदे बदलले आणि आकडे वाढले, त्यामागे अनेक अनाम जोडप्यांनी सोसलेला बहिष्कार आहे. सेरेत्से यांच्या वाट्याला तो साम्राज्याच्या पातळीवर आला. पत्नीला सोडले असते तर गादी मिळाली असती. त्यांनी पत्नीची निवड केली आणि मग गादीविना केवळ लोकांच्या मतांवर एक राष्ट्र उभे केले. गाबोरोनेच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला आज त्यांचे नाव आहे. ज्याला मायदेशी उतरू देण्यास एका महासत्तेने सहा वर्षे नकार दिला, त्याच्याच नावाने त्या देशात विमाने उतरतात.