तीन विचारांच्या संगमावरचा यात्रिक : ह्युएनत्संग

रायपूरच्या सदर बाजारातून निघालात, तर साधारण 80 किलोमीटरवर महानदीच्या काठी सिरपूर लागते. बहुतेक लोक तिथले विटांचे लक्ष्मण मंदिर पाहून परततात. पण थोडे पुढे गेलात तर बौद्ध विहारांचे अवशेषही दिसतील. 1950 च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने इथे उत्खनन केले आणि आनंदप्रभू कुटी विहार उजेडात आला.

हा सारा प्रदेश तेव्हा दक्षिण कोसल म्हणून ओळखला जाई. इ.स. 639 च्या सुमारास एक चिनी भिक्षू पायी फिरत या कोसल देशात आला. त्याने वर्णन केलेली राजधानी म्हणजे हेच सिरपूर, असे अनेक अभ्यासक मानतात. शाळेच्या पुस्तकात तुम्ही त्याचे नाव वाचले असेल : ह्युएनत्संग, म्हणजेच युआन श्वांग.

आपण त्यांना प्रवासी म्हणून ओळखतो. आज त्यांच्या जीवनाकडे वेगळ्या बाजूने पाहू या. वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या मनात दोन प्रश्न असतात. अध्यात्माच्या वाटेवर निघालो तर आई-वडिलांच्या ऋणाचे काय? आणि सगळे मार्ग शेवटी एकच असतील, तर त्यांतला फरक जाणून घेण्याचे कष्ट कशाला? ह्युएनत्संगांना हे दोन्ही प्रश्न आयुष्यभर पुरले.

कन्फ्युशियसच्या घरातला मुलगा

सातव्या शतकाच्या अगदी आरंभी, चीनमधील लोयांग शहराजवळ, एका विद्वान घराण्यात त्यांचा जन्म झाला. चार भावांत ते सर्वांत धाकटे. वडिलांनी सरकारी नोकरी सोडून अध्ययनात मन गुंतवले होते. ते अध्ययन होते कन्फ्युशियसच्या ग्रंथांचे.

कन्फ्युशियस (इ.स.पू. 551 ते 479) यांची शिकवण थोडक्यात समजून घेऊ. त्यांनी देव, परलोक, मोक्ष यांची चर्चा फारशी केली नाही. माणूस माणसाशी कसा वागतो, हा त्यांचा विषय. त्यांच्या विचारात तीन शब्द फार महत्त्वाचे आहेत. पहिला रन, म्हणजे माणुसकी. दुसरा ली, म्हणजे रीत, मर्यादा, वागण्यातला आदर. तिसरा श्याओ, म्हणजे आई-वडिलांविषयीची भक्ती आणि कर्तव्य. घरात जो नीट वागायला शिकला, तोच समाजात आणि राज्यकारभारात नीट वागेल, असा हा विचार आहे.

ह्युएनत्संग आठ वर्षांचे असतानाचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो. वडील त्यांना मातृपितृभक्तीवरचा ग्रंथ शिकवत होते. गुरू बोलू लागताच एक शिष्य आसनावरून उठून उभा राहतो, असा भाग त्यात आला. तो ऐकताच मुलगा कपडे सारखे करून उभा राहिला. वडिलांनी कारण विचारले. गुरूंचे शब्द ऐकताना तो शिष्य बसून राहिला नाही, मग वडिलांचा उपदेश ऐकताना आपण कसे बसून राहायचे, असा त्याचा भाव होता. शिकलेली गोष्ट लगेच अंगी आणायची, हा संस्कार असा लहानपणीच झाला.

घर सोडले, तेव्हा

लहान वयातच आई-वडिलांचे छत्र हरपले. एक मोठा भाऊ लोयांगच्या विहारात भिक्षू होता, त्याने धाकट्याला जवळ घेतले. तेराव्या वर्षी ह्युएनत्संगांना भिक्षुसंघात प्रवेश मिळाला आणि विसाव्या वर्षी पूर्ण दीक्षा झाली.

इथे एक पेच समजून घ्यायला हवा. कन्फ्युशियसच्या परंपरेत शरीर ही आई-वडिलांची ठेव मानली जाते. वंश पुढे नेणे आणि पूर्वजांची पूजा चालू ठेवणे हे मुलाचे कर्तव्य. बौद्ध भिक्षू मात्र डोके मुंडवतो, लग्न करत नाही, कुळाचे नावही सोडतो. म्हणून चीनमध्ये भिक्षूंवर मोठा आक्षेप असे, की हे लोक जन्मदात्यांचे ऋण बुडवतात.

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही कल्पना आपल्याकडेही आहे. त्यामुळे हा आक्षेप तुम्हाला परका वाटणार नाही.

तिसरा विचार होता ताओ परंपरेचा. ताओ म्हणजे वाट. लाओत्से हे तिचे आद्य पुरुष मानले जातात. निसर्गाच्या ओघाशी भांडू नये, ओढूनताणून काही करू नये, पाण्यासारखे नम्र आणि सहज राहावे, ही तिची दिशा. बौद्ध धर्म चीनमध्ये नवा होता, तेव्हा संस्कृत शब्दांना चिनी प्रतिशब्द नव्हते. म्हणून ताओ परंपरेचेच शब्द उसने घेतले गेले. निर्वाणासाठी अकर्म सांगणारा शब्द वापरला, शून्यतेसाठी अभाव सांगणारा. त्यामुळे ओळख लवकर झाली, पण अर्थांची सरमिसळही झाली.

तरुण ह्युएनत्संग एका गुरूकडून दुसऱ्या गुरूकडे जात. एकाच ग्रंथाचे दोन अर्थ कानी पडत आणि भाषांतरे एकमेकांशी जुळत नसत. शेवटी मूळ ग्रंथच पाहायचे, त्यासाठी भारतात जायचे, असे त्यांनी ठरवले. तेव्हा देशाबाहेर जायला बंदी होती. त्यांनी परवानगी मागितली, ती मिळाली नाही. तरीही 629 च्या सुमारास ते निघाले. वाळवंटात त्यांच्या हातून पाण्याची पखाल सांडली आणि चार रात्री, पाच दिवस पाण्याचा थेंबही मिळाला नाही. पण भारताकडचे तोंड त्यांनी फिरवले नाही.

कोसल आणि महाराष्ट्र

नालंदा येथे वयोवृद्ध आचार्य शीलभद्र यांच्याकडे त्यांनी योगाचार शास्त्राचा अभ्यास केला. मग ते देश पाहायला निघाले. कलिंगाहून ते कोसलात आले. इथला राजा क्षत्रिय असून बौद्ध धर्माचा आदर करतो, इथे सुमारे 100 विहार आणि सुमारे 70 देवमंदिरे आहेत, अशी नोंद त्यांनी केली.

इथलीच एक कथा त्यांनी लिहून ठेवली आहे. आचार्य नागार्जुन या देशात राहत असताना आर्यदेव त्यांच्या भेटीला आले. नागार्जुनांनी काही न बोलता पाण्याने काठोकाठ भरलेले पात्र पुढे पाठवले. आर्यदेवांनी त्यात एक सुई सोडली. पाणी म्हणजे गुरूचे ज्ञान, आणि सुई म्हणजे त्याचा तळ गाठू पाहणारी शिष्याची बुद्धी. दोघांना एकमेकांची ओळख पटली.

पुढे ते महाराष्ट्रात आले. तेव्हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथली माणसे साधी, प्रामाणिक आणि स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. त्यांनी इथे 100 हून अधिक विहार आणि सुमारे 5000 भिक्षू असल्याचे नोंदवले.

पण त्यांनी लिहिलेली आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. राज्याच्या पूर्व भागात डोंगराच्या कुशीत कोरलेल्या एका विहाराचे वर्णन त्यांनी केले आहे. दाराबाहेर डावी-उजवीकडे दगडी हत्ती आहेत, असे ते लिहितात. ही अजिंठ्याची लेणी असावीत, असे अभ्यासक मानतात. हा विहार एका अर्हताने बांधला, अशी कथा त्यांनी दिली आहे. अर्हताची आई वारली होती. तिचा पुनर्जन्म महाराष्ट्रात झाला आहे, हे ध्यानात जाणून तो इथे आला. भिक्षा मागताना एका मुलीने त्याला अन्न दिले आणि तिला पान्हा फुटला. हीच आपली पूर्वजन्मीची आई, हे त्याने ओळखले. तिच्या वात्सल्याच्या ऋणातून उतराई व्हावे म्हणून त्याने हा विहार उभारला.

आता विचार करा. मातृपितृभक्तीचा ग्रंथ ऐकताना आठव्या वर्षी उभा राहिलेला मुलगा आता भिक्षू झाला आहे. घरापासून हजारो कोस दूर, सह्याद्रीच्या मुलखात, तो अशा भिक्षूची कथा लिहून घेत आहे, जो घर सोडूनही आईला विसरला नाही. कथेचे पुरावे शोधणे हा इतिहासकारांचा विषय. पण संन्यास आणि पितृऋण एकमेकांचे वैरी असतातच असे नाही, हे त्यांना आपल्या महाराष्ट्रात ऐकायला मिळाले.

परत येऊन हिशेब चुकता केला

परतीच्या वाटेवर त्यांनी सम्राटाला पत्र लिहून परवानगीशिवाय गेल्याबद्दल क्षमा मागितली. 645 मध्ये ते राजधानी चांगआन येथे पोहोचले. 20 घोड्यांवर 657 ग्रंथ होते. सम्राट ताइझोंग यांनी त्यांना क्षमा तर केलीच, शिवाय राज्यात मोठे पद देऊ केले. विद्वानाने राजाची सेवा करावी, ही कन्फ्युशियसच्या परंपरेची अपेक्षा. ह्युएनत्संगांनी पद नम्रपणे नाकारले, पण सम्राटाच्या इच्छेनुसार पश्चिमेकडील देशांचा वृत्तांत पुढच्याच वर्षी लिहून दिला.

657 मध्ये सम्राटाबरोबर लोयांगला जाण्याचा योग आला. इतक्या वर्षांनी ते आपल्या गावी गेले. आप्तांपैकी फक्त एक बहीण उरली होती. तिला सोबत घेऊन त्यांनी आई-वडिलांच्या कबरी शोधल्या. युद्ध आणि धामधुमीच्या काळात त्यांची पार दुरवस्था झाली होती. त्यांनी रजा मागून घेतली आणि चांगली जागा पाहून आई-वडिलांचे अवशेष विधिपूर्वक तिथे हलवले. त्या वेळी हजारो लोक जमले. चिवर अंगावर असताना एका भिक्षूने पुत्राचे कर्तव्य पार पाडले होते.

एका शब्दासाठी वाद

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच, 647 मधल्या एका प्रसंगात मिळते. कामरूपच्या राजाला लाओत्सेंचा ग्रंथ, ताओ ते चिंग, संस्कृतात हवा होता. सम्राटाने हे काम ह्युएनत्संगांकडे सोपवले आणि मदतीला ताओ परंपरेचे विद्वान दिले.

पहिल्याच शब्दावर गाडी अडली. ताओ या शब्दाला संस्कृतात काय म्हणायचे? ताओ विद्वानांना बोधी हा शब्द हवा होता. ह्युएनत्संग मार्ग या शब्दावर ठाम राहिले. ताओ म्हणजे वाट, आणि बोधी म्हणजे जागृती. वाटेला मुक्कामाचे नाव कसे द्यायचे? लाओत्सेंचे विचार बौद्ध शास्त्राच्या परिभाषेत समजावण्यालाही त्यांनी विरोध केला. दोन्हींची उद्दिष्टे वेगळी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते.

बोधी म्हटले असते, तर एका परीने त्यांच्याच धर्माचा शब्द मोठा झाला असता. शिवाय टांग राजघराणे स्वतःला लाओत्सेंचे वंशज मानत असे, त्यामुळे सम्राटही खूश झाला असता. पण ते खरे भाषांतर झाले नसते. आमच्या सदर बाजारातला सराफ सोने आणि चांदी दोन्हींचा मान ठेवतो, पण एकाचा भाव दुसऱ्याला लावत नाही. तसेच हे आहे. सगळे एकच, असे घाईने म्हणणे सोपे असते. समोरच्याचे म्हणणे त्याच्याच अर्थाने समजून घेणे अवघड असते, आणि खरा आदर त्यातच असतो.

त्या संस्कृत भाषांतराची एकही प्रत आज भारतात सापडत नाही. एका शब्दासाठी केलेला तो आग्रह मात्र स्मरणात राहिला.

शेवटचे काम

ह्युएनत्संगांनी 19 वर्षांत 75 ग्रंथांचे, 1335 खंडांचे भाषांतर केले. शेवटचे मोठे काम महाप्रज्ञापारमितेचे होते. तिचे 600 खंड झाले. तिच्यात पुनरुक्ती फार, म्हणून ती संक्षिप्त करावी, असे सहकाऱ्यांनी सुचवले. थकलेल्या ह्युएनत्संगांना ते पटू लागले. पण त्यांना रात्री भयंकर स्वप्ने पडू लागली, तेव्हा त्यांनी काहीही न गाळण्याचे ठरवले. 660 मध्ये सुरू केलेले काम 663 मध्ये पूर्ण झाले आणि 664 मध्ये त्यांनी देह ठेवला.

पुढील शतकांत चीनमध्ये हे तीन विचार शेजाऱ्यांसारखे नांदले. कधी भांडले, कधी एकमेकांकडून शिकले. बाराव्या शतकातील चू शी यांनी कन्फ्युशियसच्या विचाराची नवी मांडणी केली, तिच्यावरही बौद्ध आणि ताओ चिंतनाची छाप दिसते.

वाचकहो, आपल्यासाठी यात काय आहे? भाषांतराची सेवा करणाऱ्या माझ्यासारख्याला तर यात रोजचा धडा आहे : न कळलेला शब्द गाळू नये आणि आपल्या सोयीचा शब्द दुसऱ्याच्या तोंडी घालू नये. तुमच्यासाठी दोन छोट्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. या आठवड्यात तुमच्याहून वेगळ्या मार्गाने जाणाऱ्या एका व्यक्तीला तिचा मार्ग विचारा आणि मध्ये आपली तुलना न आणता पूर्ण ऐका. आणि साधनेच्या नावाखाली घरातले एखादे कर्तव्य मागे पडले असेल, तर ते आधी उरका. ह्युएनत्संगांना आई-वडिलांसाठी कबरीपर्यंत जावे लागले. तुमचे आई-वडील कदाचित शेजारच्याच खोलीत असतील.