हाताशी दोन वर्षंही नव्हती, तरी रेव्हरंड टिळकांनी मिशनची नोकरी सोडली

गडचिरोलीतल्या कुरखेड्याहून कोरची गाठली आणि तसंच पुढं गेलं की महाराष्ट्र संपतो. पलीकडं छत्तीसगड, राजनांदगावचा मुलूख. १८९३ साली राजनांदगाव हे एक छोटं संस्थान होतं. नागपूरहून तिकडं निघालेल्या रेल्वेच्या डब्यात एक मराठी कवी बसला होता. नारायण वामन टिळक, वय ३१.

डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. त्यानं टिळकांना बायबलचा नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. टिळकांना ते पटलं नाही, पण पुस्तक वाचायचा शब्द त्यांनी दिला. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाच्या हाती काय होतं? गाडीतले काही तास.

टिळकांना याची किंमत मोजावी लागली. ब्राह्मण घरातला माणूस बाटला म्हणून नातेवाईक तुटले. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढं त्या अहमदनगरला परत आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

आता एक गंमत. वेळेचं नियोजन शिकायला टिळकांकडं गेलात, तर हात हलवत परत याल. ठरवलेलं काम बाजूला, दारात आलेला माणूस आधी. पैशांचंही तेच. घर चालवताना लक्ष्मीबाईंची किती ओढाताण व्हायची, ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त मिश्कीलपणे लिहून ठेवलंय. पण ख्रिस्ती विचारात वेळ ही आपली मिळकत नसते. ती देवाची ठेव असते आणि तिचा हिशेब त्याला द्यायचा असतो. या हिशेबात वाया गेलेला वेळ कोणता, हे वेगळ्याच मापानं ठरतं. बालकवी ठोमरे नगरला टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. १९१८ मध्ये वयाच्या २७व्या वर्षी बालकवी रेल्वे अपघातात गेले. त्यांच्यासाठी दिलेला टिळकांचा वेळ फुकट गेला, असं कोण म्हणेल?

स्वतः टिळकांनी सेमिनरीत शिकवलं, ‘ज्ञानोदय’चं संपादन केलं, शंभराहून जास्त ख्रिस्ती गीतं लिहिली. महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये ती आजही गातात. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत सांगणारं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही हाती घेतलं होतं.

आणि मग १९१७. वय ५५. या वयात माणूस पेन्शनचा विचार करतो. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचा राजीनामा दिला. परदेशी मिशनच्या पगारावर जगून सांगितलेला ख्रिस्त इथल्या माणसाला परकाच वाटणार, असं त्यांचं मन त्यांना खात होतं. ते संन्याशासारखे राहू लागले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणारा कुणीही त्यात येऊ शकत होता. मंडळीतल्या अनेकांना हे रुचलं नाही.

उरलेला वेळ महाकाव्याला दिला असता तर? हा प्रश्न टाळता येत नाही. मला वाटतं, टिळकांनी त्यांच्या स्वभावाला धरूनच निवड केली. कागद मागं, माणसं पुढं. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. दरबार जेमतेम उभा राहत होता आणि ‘ख्रिस्तायन’चे साधारण दहाच अध्याय झाले होते.

तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, शाळेत न गेलेल्या. अक्षरओळख झाली ती टिळकांमुळं. त्यांनी ते अर्धवट काव्य हाती घेतलं आणि त्यात ६४ अध्यायांची भर घातली. १९३६ मध्ये त्याही गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आलं १९३८ मध्ये, दोघांपैकी कुणीच पाहायला नसताना.