इंद्रायणीच्या काठावरील दोन विसर्जने

देहू : फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीजेच्या दिवशी, इंद्रायणीकाठी वसलेल्या या गावात लाखो वारकरी जमतात. ज्यांच्या स्मरणार्थ हा सोहळा होतो, त्या तुकोबांचा जन्म 1608 साली येथेच, एका सुस्थित वाण्याच्या घरी झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरात महाजनकी होती, सावकारी होती आणि पूर्वज विश्वंभरबाबांपासून चालत आलेली पंढरीची वारीही होती.

थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे असल्याने प्रपंचाचा भार कोवळ्या वयातच तुकोबांवर पडला. काही काळ त्यांनी तो चोख सांभाळला. मात्र पाठोपाठ आई-वडील निवर्तले, भावजय गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. त्यातच 1630 च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, पुढे मुलगा संतूही दगावला.

या आघातांनंतर ते चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरावर एकांतात जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधत आले, तेव्हा घरी न परतता दोघे इंद्रायणीवर गेले. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते तेथे मागविण्यात आली. तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खते नदीत सोडून दिली. दुष्काळाने पिचलेले कितीतरी ऋणको त्या क्षणी मुक्त झाले. भावाच्या हक्काला धक्का न लावता केलेला हा त्याग तुकोबांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवून गेला.

त्यांनी संन्यास घेतला नाही. पडझड झालेले विठ्ठलमंदिर स्वतः कष्ट करून दुरुस्त केले, कीर्तनात टाळकऱ्यांमागे उभे राहून धृपद धरले, संतांची वचने पाठ केली. बाबाजी चैतन्यांकडून स्वप्नात गुरुपदेश आणि नामदेवांकडून कवित्वाची आज्ञा मिळाली, अशी परंपरा आहे. मात्र या मार्गाची किंमत एकट्या तुकोबांनी मोजली नाही. दुसरी पत्नी जिजाबाई पुण्याच्या सधन गुळवे घराण्यातील होत्या. मुलाबाळांची भूक त्यांनाच भागवावी लागे, आणि भंडारा डोंगरावर भाकरी घेऊन जाणाऱ्याही त्याच होत्या. त्यांच्या त्राग्याच्या कथा रंगवून सांगितल्या जातात, परंतु त्यांच्या बाजूने विचार क्वचितच होतो.

दुसरी कसोटीही इंद्रायणीनेच पाहिली. शूद्राने वेदार्थ सांगू नये, असा आक्षेप घेत वाघोलीच्या रामेश्वर भटांनी अभंगांच्या वह्या नदीत बुडवावयास लावल्या. खते सोडताना मन मोकळे झाले होते. या वेळी मात्र आयुष्याचे प्रयोजनच पाण्यात गेले. तुकोबा तेरा दिवस काठावरील शिळेवर अन्नपाण्याविना बसून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे, तर त्या लोकांच्या मुखी आधीच तरल्या होत्या, असे काही अभ्यासक मानतात. पुढे रामेश्वर भट स्वतःच तुकोबांचे शिष्य झाले.

1650 मध्ये तुकोबांनी देह ठेवला. सदेह वैकुंठगमनाची श्रद्धा आजही दृढ आहे. चाकणचे संताजी जगनाडे यांच्यासारख्या शिष्यांनी अभंग लिहून जपले. धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 पासून पालखी सोहळा सुरू केला. 1873 मध्ये तत्कालीन मुंबई सरकारच्या साह्याने साडेचार हजारांहून अधिक अभंगांची गाथा छापली गेली.

आज भामचंद्राच्या पायथ्याशी कारखाने उभे आहेत आणि देहूच्या रस्त्यांवर पाळीला निघालेल्या कामगारांची वर्दळ असते. घर, पोट आणि देणेकरी यांच्या विवंचनेत असलेल्या या माणसांना तुकोबा परके वाटू नयेत. याच विवंचनांमध्ये राहून त्यांनी आपले खरे काम ओळखले आणि अखेरपर्यंत ते सोडले नाही.