प्राचार्यच प्रतिवादी

१७ मार्च १९३७. महाडच्या चवदार तळ्याच्या अपिलाचा निकाल मुंबई हायकोर्टात लागला. प्रतिवादी म्हणून पहिलं नाव होतं भीमराव रामजी आंबेडकर. हेच गृहस्थ त्या वेळी मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. म्हणजे पोरांना कायदा शिकवायचा आणि स्वतःविरुद्धचा दावाही लढायचा, अशी डबल ड्युटी. संविधानाचे शिल्पकार म्हणून बाबासाहेब आपल्याला पाठ असतात. पण लॉचे प्रोफेसर म्हणून त्यांची ओळख फारशी कुणी करून देत नाही.

मैंदर्गीहून अक्कलकोट, तिथून सोलापूर अशी एसटी पकडून शिकणाऱ्या दोस्तांनी एक गोष्ट आधी ऐकावी. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. या सभेनं ४ जानेवारी १९२५ रोजी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं, ते आपल्या सोलापुरात. खेड्यातल्या पोराला शाळेत नाव घालून भागत नाही, शहरात डोकं टेकायला जागा लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सोलापूर नगरपालिकेनं त्यासाठी महिना ४० रुपयांची मदत दिली.

तोवर त्यांची वकिली नुकतीच सुरू झाली होती. १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि पुढच्या वर्षी मुंबईत आले. सनदेच्या फीसाठीही मित्र नवल भथेना यांची मदत घ्यावी लागली. बॅरिस्टरकडे काम यायचं सॉलिसिटरमार्फत, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला सॉलिसिटर तयार नसत. मग जिल्हा कोर्टातल्या, तालुक्याच्या कोर्टातल्या केसेस घ्यायच्या. परळच्या दामोदर हॉलमधल्या ऑफिसात गिरणी कामगार, खेड्यातून आलेली गरीब माणसं येऊन बसायची. अनेकांकडून फी मिळायची नाही. आज लॉ कॉलेजांमध्ये लीगल एड क्लिनिक असतं, विद्यार्थी खऱ्या पक्षकाराचं गाऱ्हाणं ऐकून अर्ज लिहायला शिकतात. तेव्हा हा शब्द नव्हता, पण परळला काम तेच चालायचं.

घर चालवायला शिकवणं सुरू होतं. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये ते पार्ट टाइम मर्कंटाइल लॉ शिकवत. जून १९२८ मध्ये सरकारी लॉ कॉलेजात पार्ट टाइम प्रोफेसर झाले. सकाळी लेक्चर, दुपारी कोर्ट, रात्री सभा आणि पत्रकाचं लिखाण. पुढे १९३४-३५ मध्ये याच कॉलेजात त्यांनी इंग्लंडच्या राज्यघटनेवर दिलेली व्याख्यानं आजही त्यांच्या ग्रंथसंग्रहात वाचायला मिळतात. गंमत बघा, ज्या देशाला लिखित घटनाच नाही त्याची घटना शिकवणारा हा मास्तर पुढं जगातल्या सगळ्यांत मोठ्या लिखित घटनांपैकी एकीचा मसुदा करणार होता.

केसेसही कशा! १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर आणि केशवराव जेधे यांना खालच्या कोर्टानं शिक्षा ठोठावली होती. पुण्याच्या सेशन्स कोर्टात अपील चालवून बाबासाहेबांनी त्यांना सोडवलं. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. लैंगिक प्रश्नांवर उघड बोलणाऱ्या माणसाच्या बाजूनं उभं राहणं तेव्हा सोपं नव्हतं. ती केस ते हरले. माझ्या मते हरलेली ही केस त्यांच्या जिंकलेल्या कित्येक केसेसइतकीच महत्त्वाची आहे.

आता तळ्याकडे येऊ. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळानं १९२३ मध्ये केला होता. महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेवढ्यात काही सवर्ण मंडळींनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. त्यांचं म्हणणं दोन पायांवर उभं होतं: तळं खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथं यायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे.

लॉच्या मुलांनी इथं जरा थांबावं. रूढीला कायद्याचं बळ हवं असेल तर ती फार जुनी, सलग आणि वाजवी आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि ते ओझं रूढी सांगणाऱ्यावर असतं. लोक आजवर तिथं आले नाहीत, एवढ्यानं त्यांना यायला बंदी होती हे ठरत नाही. नऊ वर्षांहून जास्त काळ दावा महाड, ठाणे, मुंबई असा फिरला. शेवटी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी अपील फेटाळलं. रूढी सिद्ध झालीच नव्हती. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा देणारे न्यायाधीश. पण निकालाची मर्यादाही लक्षात घ्या. कोर्टानं अस्पृश्यता बेकायदा आहे असं म्हटलं नाही. पुरावा पुरेसा असता तर काय, हा प्रश्न उरलाच.

प्राचार्यपद त्यांनी जून १९३५ मध्ये घेतलं. त्याआधी काही दिवस, २७ मे रोजी, रमाबाई गेल्या. पंढरपूरला विठ्ठलाच्या दर्शनाला जायची त्यांची फार इच्छा होती. पण अस्पृश्यांना देवळात प्रवेश नव्हता आणि बाहेरूनच हात जोडून परतायला बाबासाहेब तयार नव्हते. ते मंदिर सगळ्यांना खुलं झालं १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. हे दुःख घेऊन माणूस कॉलेजात रुजू झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. १९३६ मध्ये कॉलेजच्या नियतकालिकात कायद्याच्या शिक्षणात सुधारणा कशी करावी यावर लेखही लिहिला. १९३८ मध्ये त्यांनी पद सोडलं.

तळ्याच्या निकालात उरलेल्या प्रश्नाचं उत्तर घटनेच्या कलम १७ मध्ये आलं. तिथं पुरावा, रूढी, जुनेपणा असलं काही विचारायचंच नाही. अस्पृश्यता नष्ट, कोणत्याही स्वरूपात पाळली तर गुन्हा. आणि हक्क नुसता छापून ठेवायचा नाही, तो मिळाला नाही तर थेट सुप्रीम कोर्टाचं दार ठोठावता येईल, यासाठी कलम ३२.

शिकवण्याचा नाद काही सुटला नाही. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. नोकरी करणाऱ्या मुलांना जमावं म्हणून तास सकाळी. सोसायटीचं लॉ कॉलेज निघालं १९५६ मध्ये, त्याच वर्षी ६ डिसेंबरला ते गेले.