चोराला गुरू करणारा प्राध्यापक : एडविन सदरलँड

(द्वितीय वर्ष, कला)

चोर जन्माला येतो की घडतो? हा प्रश्न गावच्या पारावर निघाला तर उत्तर चटकन मिळते. ते रक्तातच असते, असे म्हणून माणसे मोकळी होतात. विद्वानांचे उत्तरही एके काळी याहून फारसे वेगळे नव्हते. इटलीतील डॉक्टर चेझारे लोंब्रोसो यांनी १८७६ साली ग्रंथ लिहून असे मांडले की, जन्मजात गुन्हेगार त्याच्या कवटीच्या, जबड्याच्या नि कानांच्या ठेवणीवरून ओळखता येतो. त्याआधीच, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने आपल्या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा करून सबंध जमातींवर जन्मावरूनच शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. समजूत मात्र रद्द झाली नाही.

या समजुतीशी आयुष्यभर अभ्यासाच्या बळावर झुंजलेले अमेरिकन प्राध्यापक म्हणजे एडविन सदरलँड. गुन्हेशास्त्रात एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचे नाव टाळून पुढे जाताच येत नाही. पण आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही या माणसाची ओळख असावी, म्हणून हा अल्प प्रयत्न.

सदरलँड यांचा जन्म १३ ऑगस्ट १८८३ रोजी नेब्रास्का राज्यातील गिबन या लहानशा गावी झाला. वडील बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक आणि शिक्षक. पुढे ते ग्रँड आयलंड येथील महाविद्यालयाचे प्रमुख झाले. घरात धर्म, शिस्त आणि पुस्तके यांचा वावर. त्याच महाविद्यालयातून एडविन १९०४ साली पदवीधर झाले आणि साउथ डकोटातील एका लहान महाविद्यालयात लॅटिन, ग्रीक, इतिहास व लघुलिपी शिकवू लागले. त्यांची ओढ इतिहासाकडे होती. समाजशास्त्राशी त्यांची पहिली गाठ पडली ती मात्र टपालाने! शिकागो विद्यापीठाचा त्या विषयाचा एक अभ्यासक्रम त्यांनी घरबसल्या, पत्रद्वारा पूर्ण केला. १९०६ मध्ये ते शिकागोला गेले, आणि तेथे इतिहास मागे पडून समाजशास्त्र हाच त्यांचा विषय झाला. मध्यंतरी पुन्हा नोकरी करून १९१३ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. गंमत अशी की, त्यांचा प्रबंध गुन्ह्यावर नव्हताच. तो बेकारी आणि सरकारी रोजगार कचेऱ्या यांवर होता.

त्यानंतरची सहा वर्षे त्यांनी मिसुरीतील एका लहान महाविद्यालयात शिकवण्यात घालवली. १९१९ मध्ये ते इलिनॉय विद्यापीठात आले. तेथील विभागप्रमुखांनी त्यांना गुन्हेशास्त्रावर पाठ्यपुस्तक लिहिण्यास सुचवले आणि ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. सदरलँड यांच्या कीर्तीचा पाया हाच.

तरीही त्यांच्या वाट्याला मोठी टीका यायची होती. १९३३ साली मायकेल आणि ॲडलर या दोन विद्वानांनी एका अहवालात असे म्हटले की, गुन्ह्याचे शास्त्र म्हणावे असे काही अजून निर्माणच झालेले नाही. नुसती माहितीची रास म्हणजे शास्त्र नव्हे! सदरलँड दुखावले खरे, पण चिडून बसले नाहीत. गरिबी, मोडलेली कुटुंबे, वाईट वस्ती अशा कारणांच्या याद्या देऊन भागणार नाही, सर्वांना जोडणारे एक सूत्र हवे, हे त्यांना पटले. पुढे त्यांचे मित्र, संशोधक हेन्री मॅके यांनी बोलता बोलता त्यांच्या सिद्धांताचा उल्लेख केला, तेव्हा हा माझा सिद्धांत कोणता, असे सदरलँड यांनाच विचारावे लागले. मॅके यांनी त्यांच्याच पुस्तकातील पाने दाखवून दिली. केवढा हा निगर्वीपणा!

हे मॅके आणि त्यांचे सहकारी क्लिफर्ड शॉ यांनी शिकागोच्या वस्त्यांचा अभ्यास केला होता. काही वस्त्यांतून एका देशाचे लोक निघून गेले, तेथे दुसऱ्या देशाचे आले, तरी बालगुन्हेगारीचे प्रमाण चढेच राहिले. मग दोष रक्ताचा कसा म्हणावा?

सदरलँड यांनी आपला सिद्धांत १९३९ मध्ये मांडला आणि १९४७ मध्ये त्याला नऊ कलमांचे रूप दिले. त्याचा आशय असा : गुन्हा हा शिकला जातो, आणि तो जवळच्या माणसांच्या सहवासात शिकला जातो. नुसती हातचलाखी शिकून भागत नाही. कायदा मोडायला हरकत नाही, ही वृत्तीही शिकावी लागते. कायदा पाळावा असे सांगणाऱ्या संस्कारांपेक्षा तो मोडावा असे सांगणारे संस्कार वरचढ झाले की माणूस गुन्ह्याकडे वळतो. रागाच्या भरात घडलेल्या गुन्ह्याचे काय, असा आक्षेप यावर घेतला गेला आणि तो पुरता निकालात निघालेला नाही. पण जन्माच्या शिक्क्याला मात्र या विचाराने जबर हादरा दिला.

हे सारे त्यांनी केवळ ग्रंथालयात बसून लिहिले नाही. वीस वर्षांहून अधिक काळ चोरी हाच धंदा केलेल्या एका इसमाकडून त्यांनी त्याची हकिगत लिहवून घेतली, त्याच्याशी तासन्‌तास चर्चा केली आणि १९३७ साली ती ग्रंथरूपाने छापली. त्या धंद्यातही उमेदवारी असते, दर्जा असतो, शब्द पाळण्याचे नियम असतात, हे जगाला कळले. धर्मोपदेशकाच्या मुलाने चोराला गुरू केले!

पण त्यांचे सर्वांत धाडसी काम पुढेच आहे. २७ डिसेंबर १९३९ रोजी फिलाडेल्फिया येथे अमेरिकन समाजशास्त्र संस्थेच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी पांढरपेशा गुन्हेगारीचा विषय काढला. प्रतिष्ठित माणसे आपला व्यवसाय करता करता जे गुन्हे करतात, ते तुरुंगाच्या आकडेवारीत येत नाहीत. आणि त्या आकडेवारीवरून गरिबी हेच गुन्ह्याचे मूळ ठरवणे चूक आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

येथे मला माझे गाव आठवते. आमच्या शिवेबाहेर पारध्यांची पाले आहेत. गावात कोणाची शेळी नाहीशी झाली की तपास आधी तिकडे वळतो. हिशेबाच्या वहीत हजारोंचा घोळ निघाला तर मात्र तिला कोणी चोरी म्हणत नाही. तिला अफरातफर म्हणतात, आणि चौकशीला आलेल्यांसाठी चहा सांगतात. शब्द बदलला की माणसाची पायरीही बदलते. सदरलँड यांनी नेमके हेच दाखवून दिले, तेही आकड्यांनी.

अमेरिकेतील ७० मोठ्या कंपन्यांविरुद्ध न्यायालये व सरकारी मंडळे यांनी दिलेले निर्णय त्यांनी गोळा केले. एकूण निर्णय भरले ९८०, म्हणजे सरासरी कंपनीमागे १४! एकही कंपनी सुटली नव्हती. त्यांपैकी फौजदारी न्यायालयांचे निर्णय केवळ १५८. हा ग्रंथ १९४९ मध्ये निघाला, पण प्रकाशकाला अब्रुनुकसानीच्या दाव्यांची धास्ती वाटल्यामुळे कंपन्यांची नावे गाळावी लागली. नावांसह संपूर्ण ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. तो पाहायला लेखक हयात नव्हता.

१९३५ पासून सदरलँड इंडियाना विद्यापीठात समाजशास्त्राचे विभागप्रमुख होते. आल्बर्ट कोहेन आणि लॉइड ओलिन यांनी तेथेच एम.ए. केले, डोनाल्ड क्रेसी यांनी पीएच.डी. केली. तिघेही पुढे नामवंत झाले. ११ ऑक्टोबर १९५० रोजी नेहमीप्रमाणे पायी विद्यापीठात जात असता सदरलँड वाटेत कोसळले आणि त्यांचे निधन झाले. त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या पुढील आवृत्त्या क्रेसी यांनी सिद्ध केल्या.

आपल्याकडे सागर व मद्रास या विद्यापीठांत गुन्हेशास्त्रात एम.ए. करता येते. मलाही ते करावयाचे आहे. एवढे शिकून पोलिसात लागणार का, असे घरी विचारतात. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच, तेव्हा त्यांनी तसे विचारणे साहजिक आहे. मी त्यांना इतकेच सांगते की, हे चोर पकडण्याचे शास्त्र नव्हे; माणूस चोर का होतो, आणि चोर कोणाला म्हणायचे हे कोण ठरवते, याचे ते शास्त्र आहे. गुन्हा जर शिकला जात असेल, तर पालावरच्या पोराच्या कपाळी जन्मतःच काही लिहिलेले नसते. जे लिहिले, ते आपण लिहिले. आणि आपण लिहिलेले आपल्याला पुसताही येईल. सदरलँड यांच्या आयुष्यभराच्या कष्टांतून मी तरी हाच धडा घेतला आहे.