मानफ्रेड लाख्स

मानफ्रेड लाख्स (२१ एप्रिल, १९१४ – १४ जानेवारी, १९९३) हे पोलंडचे विधिज्ञ, मुत्सद्दी, प्राध्यापक आणि हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बाह्य अवकाशविषयक समितीच्या विधी उपसमितीचे ते १९६२ ते १९६६ या काळात अध्यक्ष होते. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचा मसुदा याच उपसमितीत आकाराला आला. खासगी कंपन्यांच्या अवकाश पर्यटनाला आजही याच कराराची चौकट लागू होते.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

लाख्स यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील स्टानिस्लावूव या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आता युक्रेनमध्ये असून इव्हानो-फ्रँकिव्हस्क या नावाने ओळखले जाते. क्राकूव येथील यागिएलोनियन विद्यापीठात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. पुढे व्हिएन्ना आणि लंडन येथेही त्यांनी अध्ययन केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते लंडनमध्ये होते. पोलंडमध्ये राहिलेले त्यांचे कुटुंबीय नाझी राजवटीच्या नरसंहारात बळी पडले. युद्धगुन्ह्यांच्या कायदेशीर स्वरूपाची चर्चा करणारा त्यांचा ग्रंथ १९४५ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला.

युद्धानंतर ते पोलंडच्या परराष्ट्र मंत्रालयात विधी सल्लागार झाले आणि वॉर्सा विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवू लागले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या विधी समितीचे अध्यक्षपद त्यांनी एकाहून अधिक वेळा भूषविले.

अवकाश कायद्यातील कार्य

४ ऑक्टोबर, १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, तेव्हा अवकाशासाठी कोणताही लिखित आंतरराष्ट्रीय कायदा नव्हता. १९६२ साली विधी उपसमितीची पहिली बैठक जिनिव्हा येथे भरली. समितीत २८ देश होते आणि मतदानाऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत स्वीकारण्यात आली होती. त्यामुळे एकाही महासत्तेला डावलून पुढे जाणे शक्य नव्हते. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन्ही गटांना चर्चेत टिकवून ठेवण्याची जबाबदारी अध्यक्ष या नात्याने लाख्स यांच्यावर होती.

सर्वांत कठीण मतभेदांपैकी एक खासगी उद्योगांविषयी होता. अवकाशातील कार्ये केवळ राष्ट्रांनीच करावीत, अशी सोव्हिएत संघाची भूमिका होती. अमेरिकेला ती मान्य नव्हती, कारण तेथे खासगी दळणवळण कंपन्या या क्षेत्रात उतरल्या होत्या. टेलस्टार हा अशाच एका कंपनीचा उपग्रह १९६२ च्या जुलैमध्ये सोडण्यात आला होता. अखेर मध्यम मार्ग निघाला. खासगी संस्थांना अवकाशात जाण्यास बंदी करण्यात आली नाही. मात्र त्यांच्या कार्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी संबंधित राष्ट्रावर टाकण्यात आली. अशा कार्यास परवानगी देणे आणि त्यावर सतत देखरेख ठेवणे हे त्या राष्ट्राचे कर्तव्य ठरले. हे तत्त्व आमसभेच्या १३ डिसेंबर, १९६३ च्या घोषणेत आले आणि नंतर बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमात बंधनकारक झाले.

आमसभेने १९ डिसेंबर, १९६६ रोजी या कराराला संमती दिली. २७ जानेवारी, १९६७ रोजी तो स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला अमलात आला. अवकाशावर वा चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला सार्वभौमत्व सांगता येणार नाही, तसेच पृथ्वीभोवतीच्या कक्षेत अण्वस्त्रे ठेवता येणार नाहीत, ही त्यातील अन्य प्रमुख तत्त्वे होत. भारतानेही १९६७ साली त्यावर स्वाक्षरी केली.

आंतरराष्ट्रीय न्यायालय

लाख्स १९६७ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. १९७३ ते १९७६ या काळात ते न्यायालयाचे अध्यक्ष होते. १९७१ च्या युद्धातील पाकिस्तानी युद्धकैद्यांविषयी पाकिस्तानने भारताविरुद्ध दाखल केलेले प्रकरण याच कालखंडातील आहे. उभय देशांत समझोता झाल्यावर पाकिस्तानने ते मागे घेतले. उत्तर समुद्रातील सागरमग्न खंडभूमीच्या १९६९ च्या प्रकरणात त्यांनी बहुमताहून वेगळे मत नोंदविले. आंतरराष्ट्रीय रूढी अल्पकाळातही निर्माण होऊ शकते, हे दाखविताना त्यांनी अवकाश कायद्याचाच दाखला दिला.

अवकाश कायद्यावरील त्यांचा ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या शिक्षकाच्या भूमिकेवरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. १४ जानेवारी, १९९३ रोजी हेग येथे त्यांचे निधन झाले.

अवकाश पर्यटन आणि करार

लाख्स यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी, २८ एप्रिल, २००१ रोजी अमेरिकन उद्योजक डेनिस टिटो रशियाच्या सोयूझ यानातून स्वखर्चाने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे निघाले. २००४ साली स्पेसशिपवन या खासगी यानाने १०० किलोमीटरची उंची ओलांडली. जुलै २०२१ मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिक आणि ब्लू ओरिजिन या कंपन्यांचे संस्थापक आपापल्या यानांतून उड्डाण करून आले.

या घडामोडींमुळे कराराच्या मर्यादाही समोर आल्या. वातावरण संपून अवकाश नेमके कोठे सुरू होते, हे करारात सांगितलेले नाही. अंतराळवीरांना त्यात मानवजातीच्या दूतांचा दर्जा आहे. पैसे भरून जाणाऱ्या प्रवाशाला तो लागू होतो काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १९७२ च्या दायित्व करारानुसार यान कोसळून जमिनीवर नुकसान झाल्यास प्रक्षेपक राष्ट्राला भरपाई द्यावी लागते. परंतु त्या राष्ट्राच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागू होत नाही. त्यामुळे पर्यटकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न मुख्यतः प्रत्येक देशाच्या अंतर्गत कायद्यावर सोपविला गेला आहे. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यानुसार प्रवाशाला धोक्याची लेखी कल्पना देऊन त्याची संमती घ्यावी लागते. परवानगी आणि देखरेखीचे सहाव्या कलमातील कर्तव्य मात्र कायम आहे. भारतात खासगी अवकाश कार्यांना परवानगी देण्याचे काम इन-स्पेस ही संस्था करते.

वारसा

१९९२ साली सुरू झालेली अवकाश कायद्याची आंतरराष्ट्रीय अभिरूप न्यायालय स्पर्धा लाख्स यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या अंतिम फेरीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश परीक्षक म्हणून बसतात. भारतातील विधी विद्यापीठांचे संघही या स्पर्धेत भाग घेतात.