पंडिता रमाबाई आणि उशिरा पोहोचलेली भाकर

पंडिता रमाबाईंचे नाव आमच्या वाशीम जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत अपरिचित नाही. त्यांची विद्वत्ता, त्यांचा मुक्तिसदन आश्रम व त्यांनी सोप्या मराठीत केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर यांविषयी पुष्कळांनी ऐकले असेल. परंतु उपाशी लेकरांसाठी त्यांनी जे केले, त्याचे मूळ बाजरीच्या भाकरीच्या एका तुकड्यात आहे, हे थोड्यांसच ठाऊक असेल. तीच हकीकत आम्ही येथे सांगू इच्छितो.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे पंडित होते. लोकनिंदेस न भिता त्यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, व त्या मातेने रमाबाईंस शिकविले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत देशभर फिरत असे. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य दानधर्मात सरले, भांडीकुंडी व दागिने विकून झाले. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटे. एकदा तर रानात अकरा दिवस पाणी व झाडपाला यांवर त्यांस काढावे लागले. अशा हालांत प्रथम वडील वारले. रमाबाई त्या वेळी सुमारे सोळा वर्षांच्या होत्या.

थोड्याच दिवसांत आईही अंथरुणास खिळली. एके दिवशी भूक असह्य होऊन तिने रमाबाईंस शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागून आणावयास पाठविले. मुलगी दारात जाऊन उभी राहिली. घरची बाई गोड बोलली. पण मागण्यास तोंड उघडेना. आवरलेले अश्रू नाकावाटे वाहू लागले. त्या बाईने तो चेहरा ओळखला व काही खावयास हवे काय, असे आपण होऊन विचारले. भाकर मिळाली. मुलगी धावत घरी आली. परंतु आईस आता घास गिळण्याची शक्ती उरली नव्हती. काही दिवसांनी तिने प्राण सोडला. पुढे थोरली बहीणही गेली.

त्यानंतरच्या गोष्टी आम्ही थोडक्यात सांगतो. कलकत्त्यास त्यांच्या विद्येचा मोठा गौरव झाला. विवाह झाला, कन्या मनोरमा हिचा जन्म झाला, आणि १८८२ साली वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडून पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले.

१८९६ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. शारदासदन चालविण्यास अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षांपुरती मदत कबूल केली होती. ती मुदत सरत आली होती. अशा वेळी नवा भार कोण घेईल? परंतु रमाबाईंस आपली भूक आठवली. त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या. दुष्काळी कामांवर व अन्नछत्रांत त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या, आणि निराधार मुलींवर टपलेली दुष्ट माणसेही पाहिली. त्यांनी तीनशे मुली सोडविण्याचा निश्चय केला.

पुण्यात तेव्हा प्लेग होता. इतक्या मुली शहरात ठेवण्यास सरकारी मनाई झाली, म्हणून त्यांस पुणे-सोलापूर रेल्वेवरील केडगाव येथील शेतावर नेण्यात आले. कित्येक मुली इतक्या खंगल्या होत्या की, अन्न व औषध मिळूनही वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांस शारदासदनात शिकलेल्या स्त्रियांनी आईप्रमाणे न्हाऊमाखू घातले, जेवू घातले व अक्षरे शिकविली. काल ज्यांस आश्रय मिळाला, त्या आज आश्रय देणाऱ्या झाल्या. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली केडगावी आल्या व आश्रमाची वस्ती दीड हजारांवर गेली. तेथे विणकाम, तेलघाणा, छापखाना, शेती व गुरांची निगा हे उद्योग चालत. ज्या हातांस काम ठाऊक नसल्यामुळे डोंगरे कुटुंब उपाशी राहिले, ते काम बाईंनी प्रत्येक मुलीच्या हाती दिले. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

प्रिय वाचकहो, त्याच १८९९-१९०० च्या दुष्काळात आपल्या वऱ्हाडातही माणसे अन्नावाचून मेली. तशी उपासमार आज नाही. १९७५ साली सुरू झालेल्या योजनेमुळे अंगणवाडीत सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकांस आहार मिळतो व त्यांचे वजन घेतले जाते. तरीही २०१८ साली सरकारने ज्या मागासलेल्या जिल्ह्यांकडे विशेष लक्ष देण्याचे ठरविले, त्यांत वाशीमचे नाव होते. आणि आरोग्य व पोषण ही त्यातील मुख्य बाब होती. मजुरीसाठी परगावी गेलेल्या आईबापांची लेकरे अंगणवाडीच्या यादीतून सहज सुटतात. अशी आई आपल्या दारी आली, तरी मागणार नाही. तिचा चेहरा आपणच वाचला पाहिजे.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, आपण घरोघर जाता तेव्हा लेकरांकडेही पाहावे. जात व धर्म न विचारता रोड मुलाचे नाव अंगणवाडीच्या बाईंस कळवावे. अगदी खंगलेल्या मुलास एकदम पोटभर खाऊ घालू नये, ते घातक होते. त्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे. त्या शेजारणीने दयेने विचारले हे खरे. परंतु ती भाकर चार दिवस आधी पोहोचली असती तर! आपल्या गावची भाकर वेळेवर पोहोचावी, एवढेच आमचे मागणे आहे.